नाशिकहून दोन पिल्लांना घेऊन परदेशात जाताय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी पासपोर्ट, कारण तान्ह्या बाळालाही स्वतःचा वेगळा लागतो आणि तो ५ वर्षंच चालतो. नाशिकमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अनेक्स्चर डी वर (मुलांच्या पासपोर्टसाठीचं पालकांचं घोषणापत्र) आई-बाबा दोघांच्या सह्या हव्यात आणि ४ वर्षांखालच्या मुलांचा पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो आपणच न्यायचा. आमच्या छोटीचे डोळे उघडे असलेला फोटो मिळेपर्यंत अख्खी दुपार गेली, तर झोप झाल्यावरच काढा.

तिकीट काढताना वय बघा हं, २ वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं पण ट्रिपमध्येच २ पूर्ण होत असतील तर परतीला सीट घ्यावी लागते.

मुंबई एअरपोर्टपर्यंतचा प्रवासच मोठा आहे, कसारा घाटात मोठ्याला हमखास उलटी होते म्हणून मी निघायच्या आधी त्याला फक्त हलकं खायला देते आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवते, डिकीत नाही!!

विमान चढताना-उतरताना बाळाला पाजा, गिळल्याने कानाचे दडे सुटतात. मोठ्याला पाण्याची स्ट्रॉ.

लसींचं डॉक्टरांना महिनाभर आधीच विचारा, ओआरएस आणि तापाचं औषध प्रिस्क्रिप्शनसकट जवळच ठेवा. आणि घरचं तूप, नाचणी सत्व नेणार असाल तर त्या देशाचे कस्टमचे नियम आधी बघून घ्या.