आपल्या हायस्कुलाचा दहावीचा निकाल राज्याच्या सरासरीशी कसा ताडून पाहावा

कोकणातील बहुतेक हायस्कुले अनुदानित असून ती स्थानिक शिक्षणसंस्था चालवतात, आणि जूनमध्ये फाटकावर लागणाऱ्या फलकावर 'राज्याच्या सरासरीपेक्षा सरस' हे शब्द हमखास असतात. पण मार्च २०२४ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, तर कोकण विभागीय मंडळाचा ९९.०१ टक्के होता. त्यामुळे इथल्या शाळेने राज्याला मागे टाकणे ही काही मोठी मर्दुमकी नव्हे. प्रथम विभागाशी तुलना करावी. या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात. रायगडच्या शाळा मुंबई विभागात मोडतात, तेव्हा महाड-श्रीवर्धनकडील वाचकांनी त्या विभागाचा आकडा घ्यावा.

मुख्याध्यापकांकडून शाळेचा निकालपत्रक-गोषवारा मागून घ्यावा. मंडळ जाहीर करते तो मुख्य टक्का नियमित विद्यार्थ्यांचा असतो, म्हणून पुनर्परीक्षार्थी आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून (म्हणजे खासगीरीत्या, बाहेरून) बसलेले विद्यार्थी वेगळे काढावेत. टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांवर काढली जाते, पटावरच्या मुलांवर नव्हे. त्यामुळे आदल्या वर्षीच्या नववीचा पट अवश्य पाहावा. नववीत चाळीस आणि दहावीला एकतीस असतील, तर उरलेली नऊ मुले कुठे गेली हे विचारल्याशिवाय शंभर टक्क्यांचे कौतुक करू नये.

लहान पटाच्या शाळेत टक्केवारी फार फसवी ठरते. चोवीस मुलांपैकी एक नापास झाले की निकाल ९५.८३ टक्के होतो, म्हणजे २०२४ च्या राज्य सरासरीहून किंचित वर आणि कोकणाहून तीन टक्क्यांहून अधिक खाली. तेच मूल पास झाले असते तर शाळा शंभरावर गेली असती. अशा ठिकाणी तीन वर्षांची मुले एकत्र मोजावीत. मात्र तीन टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नये: तिन्ही वर्षांत बसलेल्यांची बेरीज आणि उत्तीर्णांची बेरीज करून मगच भागाकार करावा.

जिथे बहुतेक सगळेच पास होतात, तिथे खरा फरक श्रेणींमध्ये दिसतो. पंचाहत्तर टक्के आणि त्यावरील प्रावीण्य, साठपासून प्रथम, पंचेचाळीसपासून द्वितीय आणि पस्तीसपासून केवळ उत्तीर्ण, अशा चार रकान्यांत आपल्या मुलांचे प्रमाण मांडून ते मंडळाच्या श्रेणीनिहाय आकड्यांशेजारी ठेवावे. प्रत्येक मुलाची एकूण टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, त्यामुळे सर्वांत कमी गुणांचा सहावा विषय, बहुधा गणित किंवा इंग्रजी, तिच्यात लपतो. म्हणून या दोन विषयांचे गुण स्वतंत्रपणे मागावेत.