किटो सुरू करताय? आधी जोडीदार गाठा

किटो आहारात (कर्बोदकं अगदी कमी, स्निग्ध पदार्थ जास्त) दिवसभरातली कर्बोदकं साधारण 20 ते 50 ग्रॅमवर आणावी लागतात. पहिला आठवडा जड जातो. डोकं दुखतं, अंगात त्राण राहत नाही, उगाच चिडचिड होते. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत जातो आणि त्याबरोबर पाणी न् मीठही निघून जातं, म्हणून. अशा वेळी "अगं, मीठ घातलेलं सूप प्यायलीस का आज?" एवढं विचारणारं कुणीतरी हवं. तेही किटो करत असेल तर उत्तम, नसलं तरी चालेल.

रोज रात्री एकमेकांना ताटाचा फोटो पाठवा. वजनाचा आकडा मात्र नको. सुरुवातीची घट बरीचशी पाण्याचीच असते आणि तुलना केली की मन खट्टू होतं.

घरच्यांना "मला मदत करा" असं मोघम सांगून काही होत नाही. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवा, जेवताना आग्रह करू नका, असं नेमकं सांगा. (आमच्याकडे डब्यासोबत स्टूलही लपवावं लागलं.)

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोस बदलावा लागू शकतो, आणि तो आपल्या मनाने बदलायचा नसतो.