मध्येच एजंट बदलताय? दुहेरी दलालीच्या या चुका टाळा

मावशीचा गोरेगाव पूर्वेचा फ्लॅट विकायला काढला होता. पहिल्या एजंटने चार महिन्यांत नऊ पार्ट्या आणल्या, एकीचंही जमलं नाही. आम्ही कंटाळलो, त्याचे फोन उचलणं कमी केलं आणि ओळखीतून दुसऱ्याला काम दिलं. त्याने दीड महिन्यात सौदा जुळवला. टोकन आलं, मावशीने देवापुढे पेढे ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी पहिला एजंट दारात उभा. घेणारे गृहस्थ आधी त्याच्याच बरोबर येऊन गेले होते. तेव्हा सोबत बायको होती, या खेपेला मुलगा. मावशीला चेहरा आठवेना आणि आम्ही एकाही पार्टीचं नाव लिहून ठेवलं नव्हतं.

सौदा १ कोटी ४० लाखांचा होता. दलाली ठरली होती एक टक्का, म्हणजे १ लाख ४० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५,२०० रुपये. एकूण १ लाख ६५ हजार २००. दोघांनाही द्यायचे म्हटले तर ३ लाख ३० हजार ४००. निवृत्त शिक्षिकेला ही रक्कम किती जड जाते, ते मी जवळून पाहिलं. म्हणूनच हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक: जुन्या एजंटला न सांगता नवा नेमणं

फोन न उचलल्याने काम काढून घेतलं असं होत नाही. एजंटाचे अधिकार १८७२ च्या भारतीय करार कायद्यात येतात. तिथे कलम २०८ म्हणतं की अधिकार काढून घेतल्याचं एजंटाला कळेल तेव्हाच तो निर्णय त्याच्यापुरता लागू होतो. तोवर तो बिचारा तुमच्या नावाने पार्ट्या आणतच राहणार, आणि त्यात त्याची चूक नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर का होईना, तारखेसह लिहून कळवा. आम्ही पाठवायला हवा होता तो मेसेज साधारण असा:

‘नमस्कार. आमच्या फ्लॅटच्या विक्रीचं काम आजपासून आपण थांबवावं. आजवर आपण दाखवलेल्या पार्ट्यांची नावं आणि तारखा आठ दिवसांत कळवाव्यात. त्यांपैकी कोणाशी पुढच्या तीन महिन्यांत व्यवहार झाला, तर ठरलेली दलाली आपल्याला मिळेल. त्या यादीबाहेरच्या व्यवहारावर आपला हक्क राहणार नाही. मान्य असल्यास कळवावं.’

यादी मागताना अनेकांचा हात आखडतो. उगाच हक्क सांगायला निमित्त मिळेल, असं वाटतं. माझं मत अगदी उलट आहे. यादी नसेल तर तो उद्या कोणाचंही नाव घेऊ शकतो. यादी असेल तर तेवढीच नावं. तीच यादी नव्या एजंटला पहिल्याच भेटीत द्या आणि सांगा की यातल्या पार्ट्या तुमच्या नाहीत. चांगला एजंट यावर रागावत नाही, उलट त्याचीही फुकटची धावपळ वाचते.

दलाली नेमकी कोणाला? ज्याने पहिल्यांदा दार उघडून दिलं त्याला, की ज्याने भाव जुळवला त्याला? वेगळं काही ठरलं नसेल तर कलम २१९ प्रमाणे काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. वाद कोर्टात गेला तर विक्री मुळात कोणाच्या प्रयत्नाने झाली, हे पाहिलं जातं. नुसती एकदा जागा दाखवणं बहुतेक वेळा पुरत नाही. पण दाखवली, भावाची बोलणी केली, कागद पाठवले आणि मग मालकाने बाजूला सारलं, तर त्याची बाजू भक्कम होते. तोंडी ठरलेलंही ठरलेलंच असतं, हे विसरू नका.

करारात ‘एक्सक्लुझिव्ह’ असेल तर

‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे विक्रीचं काम फक्त त्याच एजंटकडे. सही करताना हा शब्द कोणी नीट वाचत नाही. मुदत किती आहे, स्वतः ओळखीतून गिऱ्हाईक आणलं तरी दलाली द्यावी लागते का, मुदत संपल्यावरही किती दिवस त्याचा हक्क राहतो, एवढं तरी आधी पाहा. मुदत ठरलेली असताना पुरेसं कारण नसताना मध्येच काम काढलं, तर कलम २०५ खाली भरपाई मागता येते. महिनाभरच उरला असेल तर थांबलेलं स्वस्त पडतं. एजंट खरोखर गैर वागला असेल, म्हणजे भाव लपवला किंवा दोन्हीकडे खोटं बोलला, तर गोष्ट वेगळी. मग पुरावे जपा. कलम २२० प्रमाणे गैरवर्तन झालेल्या भागाचा मोबदला त्याला मागता येत नाही.

टोकननंतर एजंट बदलूच नका. पटत नसेल तरी व्यवहार पुरा होऊ द्या. आणि टोकनचा चेक एजंटच्या नावाने कधीही नको, थेट मालकाच्या खात्यात.

दुसरी एक चूक मला फार खटकते. घेणारा हळूच म्हणतो, ‘एजंटला बाजूला ठेवू, दोघांचेही पैसे वाचतील.’ मालक भुलतो, आणि दुसऱ्या एजंटच्या किंवा भावाच्या नावाने व्यवहार दाखवतो. माणूस उन्हातान्हात पार्टी घेऊन आलेला असतो, त्याचे कष्ट आहेत. शिवाय सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरात कोण, कोणाबरोबर, कधी आलं याची नोंद असते. आमच्या प्रकरणातही शेवटी तेच रजिस्टर उघडलं. पहिल्या एजंटचं नाव आणि पार्टीची गाडी, दोन्ही तिथे होतं. तो खरं बोलत होता.

वाद आधीच पेटला असेल तर

वेगवेगळे फोन करून दोघांना वेगवेगळं सांगू नका. दोघांना एकत्र बसवा, घेणाऱ्याकडून जागा पहिल्यांदा कोणामार्फत पाहिली ते लिहून घ्या, आणि दलाली एकच दिली जाईल हे स्पष्ट सांगा. मुंबईत एजंट एकमेकांशी वाटणी करतातच, त्यांच्यासाठी हे नवं नाही. आमच्याकडे सत्तर-तीसवर मिटलं. दोघांच्या सह्यांचा एक कागद झाला, मगच मावशीने चेक फाडले. हे रजिस्ट्रेशनच्या आदल्या आठवड्यात उरका. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर भांडण झालं की घेणारा बिथरतो.

महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या घरबांधणी नियामकाकडे, जाऊ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं की रेराची एजंट-नोंदणी नोंदलेल्या प्रकल्पांसाठी आहे. चाळीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या रिसेलचं भांडण तिथे सहसा मिटत नाही. दलालीचा दरही रेराने ठरवून दिलेला नाही, तो तुम्हीच लिहून घ्यायचा असतो.

जुन्या एजंटकडची किल्ली परत घ्या, पोर्टलवरची त्याची जाहिरात काढून घ्यायला सांगा. नाहीतर जुना कमी भाव तिथेच दिसत राहतो आणि नवी पार्टी तोच मागते. दलाली चेकने द्या आणि पावती मागून घ्या. कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीवरचा करपात्र नफा, काढताना विक्रीचा खर्च म्हणून ती वजा होते.