कधी चालू होतो, कधी नाही: पीसी उघडण्याआधीची तयारी

घरी जोडलेला पीसी अजिबात चालू होत नसेल तर दोष लवकर सापडतो. कधी होतो कधी होत नाही, हे दुखणं खरं अवघड. दुकानात नेला की तो नेमका पहिल्याच झटक्यात सुरू होतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या आधी वही घ्या. किती वाजता बटण दाबलं, कितव्यांदा सुरू झाला, पंखे फिरून थांबले की काहीच हललं नाही, इन्व्हर्टरवर होता का, दिवे मंद होते का, हे आठ दिवस लिहा. आमच्या परभणीकडे शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, आणि 200 ते 240 व्होल्टचा स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तेवढ्यात मान टाकतो. फक्त थंडीत, सकाळी, तीन-चारदा दाबल्यावर चालू होत असेल तर एसएमपीएसमधले वीज साठवणारे कपॅसिटर थकल्याचा संशय घ्या.

व्होल्ट मोजायला मल्टिमीटर हवाच. पण आधी स्पाइक गार्ड काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा, केबलही बदलून बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आर्थिंग तपासायला वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की आर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो. तिथं पाणी घालायचं राहून गेलेलं असतं.

आता बटण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहिणीच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आलेली असताना मी नवा एसएमपीएस विकत आणला, आणि दोष निघाला कॅबिनेटच्या बटणात. धुळीनं ते आत अडकत होतं. मदरबोर्डवर पॉवर स्विचची दोन पिनांची वायर असते. ती काढायची आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या. दहा वेळा केलं आणि दहाही वेळा पीसी सुरू झाला, तर बाकी काही विकत घेऊ नका. रीसेटच्या बटणाची वायर त्या जागी लावली तरी भागतं. कुठल्या दोन पिना ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा, अंदाजानं टेकवू नका.

एसएमपीएस वेगळा तपासायचा असेल तर वायरचा छोटा तुकडा लागेल. सगळ्या केबल काढा, 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरशी जोडा आणि मग स्विच लावा. भार म्हणून जुनी हार्डडिस्क जोडून ठेवा. पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये 11.4 ते 12.6 व्होल्ट यायला हवेत. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडायचं नाही; बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा दाब राहतो.

शिवाय खोडरबर, पुठ्ठा, मदरबोर्डवर बसणारा नवा सीआर2032 सेल आणि स्क्रूंसाठी एक वाटी. रॅमच्या सोनेरी कडा रबरानं हलक्या हातानं पुसा, एकच रॅम लावा. प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबला आहे का ते पाहा. तरीही तेच होत असेल तर मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर चालवा. तिथं नीट चालला तर कॅबिनेटमध्ये एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा खुंट) बोर्डाला खालून टेकतो आहे का ते शोधा. केबल काढण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो घ्या, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून वहीत तिच्यापुढे निकाल लिहा.