शैवालाच्या कारबॉयमधला पीएच कसा सांभाळावा

कोळंबीच्या अळ्यांना खायला कीटोसेरॉस हे सूक्ष्म शैवाल वाढवताना पाणी आम्लधर्मी होण्याची धास्ती फारशी नसते. भर उजेडात त्रास उलट बाजूने येतो. पेशी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि सकाळी ८.२ असलेला पीएच दाट कल्चरमध्ये (शैवाल वाढत असलेल्या पाण्यात) दुपारपर्यंत ९ च्या पुढे जातो. तिथे विरघळलेला वायू जवळपास उरतच नाही, वाढ मंदावते. पीएच चढला की कल्चर कार्बनला उपाशी आहे असंच धरून चाला. लक्ष्य ८.० ते ८.४.

मीटर ७.०० आणि ९.१८ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) जुळवून लावा. ४ आणि ७ वर लावलेला मीटर नेमका आपल्या कामाच्या पट्ट्यात दगा देतो. रीडिंग दोनदा घ्या: दिवे लागण्याआधी आणि दुपारी तीनच्या सुमारास. नमुना काढल्या काढल्या मोजा.

२० लिटरच्या कारबॉयला (मोठ्या बाटलीला) मिनिटाला ५ लिटर हवा देत असाल, तर त्यात ५० मिलि कार्बन डायऑक्साइड मिसळा, म्हणजे साधारण १ टक्का. पीएच ८.० ला आला की वायू बंद. वायूचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट होणारी झडप) दिव्यांच्याच टायमरवर ठेवा. रात्री पेशी वायू घेत नाहीत, उलट सोडतात, आणि व्हॉल्व्ह चालू राहिला तर सकाळी पीएच ७ च्या आसपास सापडतो.

सिलिंडर नसेल तर लिटरला ८४ मिलिग्रॅम खायचा सोडा, म्हणजे २० लिटरला १.७ ग्रॅम, थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घाला. धुण्याचा सोडा चुकूनही नको, त्याने पीएच आणखी उसळतो. हायड्रोक्लोरिक आम्लाने आकडा उतरतो खरा, पण बायकार्बोनेटचा कार्बन बुडबुड्यांबरोबर उडून जातो आणि पुढचा चढ अधिक तीव्र होतो. आम्ही ते टाळायलाच सांगू.

ऑटोक्लेव्हमध्येही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) समुद्राच्या पाण्यातला वायू निघून जातो, पीएच वाढतो आणि पांढरा साका बसतो. फॉस्फेट आणि लोह त्यात अडकतात. म्हणून एफ/२ चे (शैवालाच्या नेहमीच्या पोषक मिश्रणाचे) क्षार पाणी थंड झाल्यावर, गाळलेली हवा सोडून मगच घाला. सिलिकेटच्या द्रावणाचा साठा तर चांगलाच अल्कधर्मी असतो. तो ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने.

नत्रासाठी सोडियम नायट्रेट वापरा, लिटरला ७५ मिलिग्रॅम. अमोनियम सल्फेट स्वस्त पडतं, पण पीएच ९.३ ला त्यातलं जवळपास निम्मं अमोनियम मुक्त अमोनिया होतं आणि पेशी मरतात.

पीएच १० कडे गेला की मॅग्नेशियमचा साका पेशींना धरून तळाशी बसतो. कल्चर मेलं समजून लगेच ओतून देऊ नका. वायू सोडून पीएच ८.२ वर आणा, हलवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा: गुठळ्या सुटल्या आणि पेशी सोनेरी-तपकिरी, अखंड दिसल्या तर कल्चर वाचलं. फिकट, रिकाम्या पेशी जास्त असतील तर ते अळ्यांना घालू नका.