मराठवाड्यातील विद्यापीठ इमारतीची पर्यावरणपूरक रचना
इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे वर्गांच्या खिडक्या उत्तरेला व दक्षिणेला उघडतील आणि दुपारनंतरचे तिरपे, सर्वांत त्रासदायक ऊन झेलणाऱ्या पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहे व भांडारे बसवता येतील. छत्रपती संभाजीनगरात २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, तर २१ जूनला जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून दक्षिणेकडे आडवे छज्जे पुरतात, पश्चिमेला मात्र जाळीच हवी. संपूर्ण काचेचा दर्शनी भाग या हवामानात टाळावाच, कारण आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी वर्षानुवर्षे वीज खर्चावी लागते. १,००० चौरस मीटर गच्चीवरील ७०० मिलिमीटर पावसापैकी ८० टक्के पाणी अडवल्यास हंगामात ५.६ लाख लिटर मिळते. टाकीची जागा पायाच्या आराखड्यातच राखावी.