ट्रकचं चाक बॅलन्सिंग मशीनवर चढवायच्या आधी

मशीन चालू करायची घाई करू नका, आधी तारेचा ब्रश हातात घ्या. बाकीचं खाली सांगतोच, पण हे पहिलं, कारण मागच्या द्राक्षाच्या सीझनला मी नेमकं हेच सोडलं. तासगावहून माल भरून वाशीला जायची गाडी होती, पुढची दोन्ही चाकं बॅलन्स करून दिली, मशीनवर आतल्या बाजूला शून्य फरक, बाहेरच्या बाजूला शून्य, मी पण खूश आणि ड्रायव्हर पण खूश. कराड सोडलं आणि त्याचा फोन आला की पासष्टच्या वर स्टेअरिंग हातात थांबत नाही. माल भरलेला, परत फिरणं शक्य नव्हतं, बिचारा रात्रभर पन्नासनं गेला आणि सकाळचा बाजार हुकला. ते आजपण मला लागतं. चूक मशीनची नव्हती, टायरची नव्हती, माझी होती.

तर तयारी.

टायर-रिमचं नेहमीचं सगळ्यांना माहीत आहे. खाचेतले खडे काढा, रिमच्या आतल्या बाजूचा चिखल खरवडा (उसाच्या फडातनं आलेली गाडी असेल तर आत किलोभर माती निघते, वरनं दिसत नाही), बॅलन्ससाठी रिमच्या कडेला ठोकलेली जुनी वजनं सगळी काढा. सगळी म्हणजे सगळी, "हे एक राहू दे, बरोबर आहे" असं नको. हवा पूर्ण मारलेली पाहिजे. तीन तुकड्यांची रिम असेल तर लॉक रिंग (रिमचे तुकडे अडकवून ठेवणारी कडी) खोबणीत सगळीकडनं बसली का ते हवा मारायच्या आधी बघा, हवा मारताना चाक पिंजऱ्यात ठेवा, आणि हवा भरलेली असताना रिंगवर हातोडा मारू नका. यात माणसं गेलेली आहेत, याच्यावर वाद घालायचा नाही.

आता सेंटर होल. डिस्कच्या (रिमच्या मधल्या पत्र्याच्या) मधल्या भोकाची कड आणि हबला, म्हणजे गाडीवर चाक बसतं त्या भागाला, टेकतो तो फेस, दोन्ही तारेच्या ब्रशनं घासा, धातू दिसेपर्यंत. नुसतं कापसाच्या वेस्टनं (चिंध्यांनी) पुसून नाही, घासून. आपल्याकडं पासिंगच्या आधी गाडी रंगवतात, रिमला सिल्व्हर मारतात, आणि रंगवताना चाक भिंतीला उभं करतात. मग रंग ओघळतो आणि भोकाच्या खालच्या कडेला येऊन थांबतो, तिथंच वाळतो. दरवर्षी एक थर. त्या गाडीच्या रिमला मी नंतर नखानं खरवडलं तर वर सिल्व्हर, त्याखाली रेड ऑक्साइड, त्याखाली जुना पिवळा, असा पापुद्रा निघाला, नखाएवढा जाड. आणि मशीनचा कोन (भोकात घुसून चाक मधोमध धरणारा निमुळता तुकडा) काढून बघितला तर काळ्याकुळकुळीत कोनवर एकाच बाजूला सिल्व्हरची चंद्रकोर उमटलेली. म्हणजे कोन भोकात सगळीकडनं टेकलाच नव्हता, चाक एका अंगाला सरकून बसलं होतं, आणि मी त्या सरकलेल्या चाकाला वजनं लावून शून्य आणलं होतं.

एवढ्याशा रंगानं काय होतंय असं वाटतं ना? हिशोब करा. बावीस पॉइंट पाच इंची रिमचं चाक टायरसकट साधारण १०० किलो धरा. ते मध्यापासून ०.१ मिलिमीटर सरकलं तर रिमच्या कडेला जवळजवळ ३५ ग्रॅमचा खोटा फरक दिसतो. अर्धा मिलिमीटर सरकलं तर पावणेदोनशे ग्रॅम. कारच्या चाकाला असं सरकणं थोडंफार चालून जातं कारण चाकच हलकं, इथं चालत नाही. म्हणून सांगतो, भोकाची कड घासा. फेसवर गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक तिरकं बसतं आणि मग आत एक आणि बाहेर एक अशी वजनं मागत बसतं, म्हणून फेस पण घासा.

मशीनकडची बाजू पण तितकीच. शाफ्ट, कोन, फ्लँज (चाक टेकतं ती चकती) पुसून घ्या, रॉकेलचा हात मारून कोरडं करा. कोनला डाग पडलेला असेल, वाळूचा कण चिकटलेला असेल, तर घासलेल्या भोकाचा काय उपयोग. कोन हातातनं पडू देऊ नका, पोरं आपटतात आणि मग कडेला टोचा पडतो.

दुसरं एक बघायचं, चाक हबवर कशावर सेंटर होतं. १० बोल्टची, ३३५ पीसीडीची (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), २८१ मिलिमीटर भोकाची जी नवी डिस्क येते ती हबच्या खांद्यावर बसते, तिला कोन बरोबर. पण कितीतरी जुन्या गाड्यांना नटाला उतार असतो आणि चाक नटांवर सेंटर होतं, मधलं भोक नुसतं सैल असतं. अशा चाकाला भोकातनं कोन घालून बॅलन्स केलं तर मशीन एका मध्याभोवती फिरवणार आणि रस्ता दुसऱ्या. त्याला बोल्टच्या भोकांतनं पकडणारी प्लेट लावा. प्लेट नसेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगा, गप्प बसून पैसे घेऊ नका.

चढवताना चाक लिफ्टवर घ्या आणि लिफ्ट बरोबर उंचीला आणा. चाक कोनवर लोंबकळत ठेवून मशीनचा नट आवळला तर ते खाली बसूनच आवळलं जातं, परत तेच सरकणं. नट आवळताना दुसऱ्या हातानं चाक हळूहळू फिरवत राहा, एक-दोन फेरे, म्हणजे कोन आपोआप जागेवर जातो. मग लिफ्ट खाली. लिफ्ट खाली घेतल्याशिवाय स्पिन नको, हे सांगायला लागू नये.

मशीनमध्ये माप टाकताना रिमचा व्यास, रुंदी, मशीनपासूनचं अंतर, तिन्ही मोजून टाका. नाहीतर आधी केलेल्या चाकाचंच माप राहून जातं.

आणि शून्य आलं की थांबू नका! हाच धडा मला तासगावच्या गाडीनं दिला. डिस्कवर आणि फ्लँजवर समोरासमोर खडूनं खूण करा, नट सैल करा, चाक अर्धा फेरा फिरवा, परत आवळा आणि परत स्पिन. सेंटर बरोबर असेल तर आकडा थोडाच हलेल. माझ्या त्या चाकाला अर्धा फेरा फिरवल्यावर दोन्ही बाजू मिळून २२० ग्रॅम दाखवलं, जे आधी शून्य होतं. कोन सगळीकडनं टेकत नसेल तर चाक दर खेपेला वेगळं बसतं आणि आकडा असा उडतो. असं दिसलं तर आणखी वजनं ठोकत बसू नका, मी चार वेळा ठोकली, चारही फुकट. चाक उतरवा, कोन बघा, भोकाची कड घासा, परत चढवा. दोन मिनिटं जातात.

वजनं नवीन क्लिपची घ्या, रिमच्या कडेच्या जाडीला बसणारी, एकदाच नीट ठोका.

मग गाडीवर. हबचा खांदा आणि ड्रमचा फेस, तिथं पण तोच ब्रश, नाहीतर मशीनवर केलेलं सगळं वाया. नट समोरासमोरचे आवळत जा, शेवटचा टॉर्क (आवळायचा जोर) गाडीच्या मॅन्युअलमधला. ५० ते १०० किलोमीटरनं परत आवळायला सांगा, आणि ड्रायव्हरला सांगा, मालकाला नाही, कारण पाना त्याच्याकडं असतो.